सापडला तो चोर : वाढत्या डुकरांच्या आतड्याचं दुखणं ओळखायला शंभरावर वर्षं का लागली

आजची नोंद लांब आहे, चहा घेऊनच बसा. शेडचं काम आटपून तीन रात्री बसून लिहिली आहे.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नाताळच्या बाजारासाठी ४३ डुकरं तयार करत होतो, सगळी यॉर्कशायर क्रॉस, पाच महिन्यांची. आमच्या इथून गोवा जवळ, त्यामुळे वर्षाचा हिशेब त्या एका महिन्यावर बसतो. एके सकाळी बघतो तर कोपऱ्यातल्या पेनमध्ये सगळ्यात तगडा गडी मेलेला. कान पांढरे फटक, मागचा भाग डांबर फासल्यासारखा काळा. आदल्या संध्याकाळी पोटभर खाल्लं होतं त्याने. आमचे आबा (माझे चुलते) बघून म्हणाले, "काळा हगता म्हणजे जंतच रे, दुसरा काय?" मलाही पटलं. सगळ्यांना जंताचं औषध पाजलं. तिसऱ्या दिवशी आणखी दोन गेली. मग औषधाच्या दुकानात मोबाईलमधला फोटो दाखवला. तिथे म्हणाले रक्ती आंव आहे, पावडर न्या. नेली, पाण्यातून दिली. अजून एक गेलं. चार जनावरं गेल्यावर मी डॉक्टरांना फोन केला. क्रम उलटा होता हे कळतं मला, पण झालं ते असं झालं.

डॉक्टर आले, पण आल्या आल्या सुरी काढली नाही. आधी पंधरा-वीस डुकरांचा ताप मोजला. अंगावर लाल-जांभळे चट्टे आहेत का बघितलं. हॉटेलचं उरलेलं अन्न घालतोस का, नवीन डुक्कर कुठून आणलंस का, हे दोनदा विचारलं. २०२० साली आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आल्यापासून शहाणा डॉक्टर आधी हेच करतो, कारण तो रोग असला आणि तुम्ही शेडमध्ये जनावर फाडलंत, तर ते रक्त म्हणजे सगळ्या गावाला आमंत्रण. ताप कोणालाच नव्हता. तेव्हा कुठे लांब खड्ड्याजवळ नेऊन मेलेलं जनावर उघडलं. प्लीहा बघितली, ठीक होती. मग लहान आतड्याचा शेवटचा हातभर भाग, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं, तो माझ्या हातात दिला. रबरी नळीसारखा जाड आणि टणक. कात्रीने उभा चिरल्यावर आत मेंदूवर असतात तशा वळ्या, आणि मधोमध गोठलेल्या रक्ताचा एक सलग दोर. मोठ्या आतड्यात डांबरासारखा काळा माल भरलेला, पण पाण्याने धुतल्यावर त्याची भिंत स्वच्छ. जंत एकही नाही.

"आयलायटिस," डॉक्टर म्हणाले. "हे लोक १९३१ पासून बघतायत. कशामुळे होतं ते सिद्ध व्हायला १९९३ उजाडलं." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. बासष्ट वर्षं? डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा रोग, आणि बासष्ट वर्षं चोर सापडला नाही? त्या दिवसापासून मिळेल ते वाचत गेलो. निदान चुकवणारा मी काही पहिला नव्हे हे तेव्हा कळलं. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी माणसं चुकली होती, आणि तीही साधारण माझ्यासारखीच.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या मक्याच्या पट्ट्यात डुकरांमध्ये एक साथ यायची, लोक तिला हॉग कॉलरा म्हणायचे. माणसाच्या पटकीशी तिचा काही संबंध नाही. हगवण लागते, कळपच्या कळप जातात, म्हणून ते नाव. १८८४ साली तिथल्या सरकारने पशुरोगांसाठी एक खातं काढलं, डॅनिएल सामन हे त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्या हाताखाली थिओबाल्ड स्मिथ नावाचा तरुण संशोधक होता. मेलेल्या डुकरांच्या मोठ्या आतड्यात शर्टाच्या बटणासारखे गोल, कडा उचललेले व्रण दिसायचे, आणि त्या जनावरांतून एक जिवाणू पुन्हा पुन्हा मिळायचा. १८८५ मध्ये या दोघांनी जाहीर केलं की हॉग कॉलरा यानेच होतो. प्रयोगशाळेतली मेहनत बहुतेक स्मिथची, नाव साहेबांचं पुढे. पुढे १९०० साली लिन्येर नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने त्या जिवाणूंच्या कुळाला साल्मोनेला हे नाव दिलं, ते या सामन साहेबांवरून. सामन माशाचा त्यात काही हात नाही, मी स्वतः कितीतरी दिवस तसं समजत होतो.

जिवाणू खरा होता, व्रण खरे होते. निष्कर्ष मात्र चुकला होता. या जिवाणूचं कल्चर दिलं तर डुक्कर आजारी पडायचं, पण शेजारच्या डुकराला ते साथीसारखं लागायचं नाही. आणि त्यातून वाचलेलं डुक्कर खऱ्या साथीत सापडलं तर तरीही मरायचं. मग १९०३ साली त्याच खात्यातल्या डी श्वाइनिट्झ आणि मेरियन डॉर्सेट यांनी आजारी डुकराचा द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की कुठलाही जिवाणू पार जाऊ शकणार नाही, आणि तो निरोगी डुकरांना टोचला. डुकरं आजारी पडली. म्हणजे गाळणीतून पार गेलेलं काहीतरी वेगळंच होतं. तो विषाणू. आपण आज ज्याला क्लासिकल स्वाइन फीव्हर म्हणतो तोच. विषाणू आधी दार मोडतो, जिवाणू मागून घुसतो, आणि फाडल्यावर सापडतो मागून घुसलेला. अठरा वर्षं त्या जिवाणूवर आरोप होता. अमेरिकेने पुढे १९६२ पासून मोहीम चालवून १९७८ मध्ये देश या तापातून मुक्त झाल्याचं जाहीर केलं, आणि ते जमलं कारण शत्रू कोण ते नीट ठरलं होतं.

(स्मिथबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. गोचिडीमुळे गुरांना ताप येतो हे १८९३ मध्ये किलबोर्नबरोबर याच माणसाने सिद्ध केलं. आपण गाईच्या कानामागची गोचीड काढतो तेव्हा त्याची आठवण काढायला हरकत नाही.)

तो जिवाणू मात्र पूर्ण निर्दोष सुटला असं नाही बरं का. साल्मोनेला आजही वाढत्या डुकरांना आजारी पाडतो, पिवळी पाण्यासारखी हगवण, अंगात ताप. फक्त तो साथीचा मुख्य आरोपी नव्हता, एवढंच.

आता दुसरा रोग, ज्याची पावडर मला दुकानातून मिळाली होती. इंडियाना राज्यात व्हायटिंग, डॉयल आणि स्प्रे या तिघांनी १९२१ साली स्वाइन डिसेंट्री पहिल्यांदा नीट वर्णन करून लिहिली. आपण तिला डुकरांची रक्ती आंव म्हणू. यात विष्ठेत शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि त्यात ताज्या रक्ताच्या रेघा येतात. आजारी डुकराच्या मोठ्या आतड्यातला माल निरोगी डुकराला खाऊ घातला की रोग लागतो, हेही त्यांना दिसलं. म्हणजे संसर्गजन्य आहे हे नक्की. पण करतं कोण? १९४४ मध्ये डॉयलना आतड्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू मिळाला, व्हिब्रिओ. मग पंचवीसेक वर्षं कितीतरी पुस्तकांत व्हिब्रिओची आंव असंच लिहिलं जायचं. फक्त अडचण अशी की शुद्ध व्हिब्रिओ खाऊ घालून रोग काही भरवशाने उठायचा नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट दिसायची, सळसळणारे लांब नागमोडी जंतू. पण ते हवेत वाढत नाहीत, ऑक्सिजन लागला की मरतात, म्हणून त्यांना वेगळं काढता येईना. जे बशीत वाढतं त्याच्यावर संशय, जे वाढत नाही ते सुटतं. १९७१ मध्ये केंब्रिजला टेलर आणि अलेक्झांडर यांनी हवाबंद पद्धतीने हे नागमोडी जंतू वाढवले, खाऊ घातले, आणि आंव उठली. पुढच्याच वर्षी आयोवात हॅरिस, ग्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच दाखवून त्याला नाव दिलं ट्रेपोनेमा हायोडिसेंटेरी. नावाचं पुढे जे झालं ते बघून हसू येतं. १९९१ ला त्याचं सर्पुला केलं, तर ते नाव आधीच एका लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं निघालं, म्हणून १९९२ ला सर्पुलिना, आणि १९९७ पासून ब्रॅकिस्पायरा. जुन्या पुस्तकात वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका, आसामी तोच आहे.

इथे एक मजेची भानगड आहे. पूर्ण जंतुमुक्त वाढवलेल्या पिल्लांना हा जंतू एकटाच दिला तर आंव होत नाही. आतड्यातले इतर काही जिवाणू सोबतीला असले तरच होते. १९७५ मध्ये रटर आणि बिअर यांनी चाबूकजंताबद्दलही असंच दाखवलं : जंत आणि आतड्यातली जिवाणूंची वस्ती मिळून रक्ती हगवण उठवतात. म्हणून आबा अगदीच चुकीचे नव्हते. चाबूकजंताने होणारी हगवण हुबेहूब आंवेसारखी दिसते. त्याची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे मातीच्या वाड्यात तो पिढीजात दुखणं होऊन बसतो. शिवाय पोटात गेल्यापासून त्याची अंडी विष्ठेत दिसायला सहा-सात आठवडे लागतात, आणि डुक्कर त्याच्या आधीच आजारी पडलेलं असतं. तपासणीत अंडी नाहीत म्हणून जंत नाही असं म्हणता येत नाही. मोठं आतडं उघडून, धुऊन, प्रकाशात धरून बघावं लागतं. केसासारखं पुढचं टोक आतड्याच्या अस्तरात रुतलेलं असतं.

आता माझ्या हातात आलेल्या त्या नळीकडे येतो.

१९३१ साली आयोवातल्या एम्स इथे बीस्टर आणि श्वार्टे यांनी डुकराच्या आतड्यातल्या या वळ्यांचं वर्णन छापलं आणि नाव दिलं 'इंटेस्टायनल अॅडिनोमा', म्हणजे आतड्याची गाठ, एक प्रकारची अर्बुदासारखी वाढ. दिसतंच तसं. पेशी बेसुमार वाढलेल्या, अस्तर जाड. जंतू काही दिसेना, कारण नेहमीच्या रंगात हा जंतू दिसतच नाही. पुढे वर्षानुवर्षं हे एक कुतूहलाचं प्रकरण म्हणून पडून राहिलं.

मग १९७३ मध्ये एडिंबरोच्या रोलंड आणि लॉसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. वाढलेल्या पेशींच्या आत, अगदी पेशीच्या पोटात, वाकड्या काड्यांसारखे जिवाणू खच्चून भरलेले. रोग गाठीचा नव्हता, संसर्गाचा होता. चांदीच्या क्षाराने रंगवलं, ज्याला वॉर्थिन-स्टारी पद्धत म्हणतात, तर पेशीच्या वरच्या टोकाला काळ्या रेघांचा थवा स्पष्ट दिसतो. आता फक्त तो वाढवायचा आणि खाऊ घालून रोग उठवायचा, की काम फत्ते. त्यांनी त्याच आतड्यातून एक वाकडा जिवाणू वाढवला, कॅम्पिलोबॅक्टर कुळातला, आणि त्याला नाव दिलं. तिसऱ्यांदा तेच झालं. डुकरांना तो खाऊ घातला, आणि रोग उठला नाही. बशीत वाढला होता तो शेजारी. पेशीच्या आतला गुन्हेगार बशीत वाढतच नव्हता, कारण त्याला जगायला जिवंत पेशीच लागते.

मला इथे लॉसन या माणसाचं कौतुक वाटतं. स्वतः नाव दिलेल्या जिवाणूपाशी अडकून बसले नाहीत. जवळजवळ वीस वर्षं त्याच आतड्यामागे लागून राहिले. शेवटी उंदराच्या आतड्याच्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवून, ऑक्सिजन कमी ठेवून, त्या पेशींच्या आत हा जिवाणू वाढवला. १९९३ मध्ये ते छापलं. त्याच वर्षी मॅकॉरिस्ट आणि मंडळींनी तो वाढवलेला जिवाणू डुकरांना पाजून रोग उठवला आणि त्या डुकरांतून तोच जिवाणू परत मिळवला. बासष्ट वर्षांचा खटला निकाली निघाला. १९९५ मध्ये त्याचं नाव ठेवलं लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस : लॉसनांचा, पेशीच्या आत राहणारा. आणि गंमत बघा, जंतुमुक्त पिल्लांत हाही एकटा दिला तर रोग करत नाही. आंवेच्या जंतूसारखंच, यालाही सोबत लागते.

१९९३ सालीच मिनेसोटात गेबहार्ट यांच्या गटाने विष्ठेतून पीसीआरने हा जिवाणू ओळखायची पद्धत काढली. माझ्या डुकराच्या आतड्याचा तुकडा बर्फात गेला तो याच पद्धतीच्या तपासणीसाठी. दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, रक्ताचा नमुना स्वाइन फीव्हरसाठी. निकाल यायला आठवडा लागला, पण डॉक्टरांनी त्याची वाट न बघता, डोळ्यांनी बघितलेल्या आतड्यावरून त्याच दिवशी पाण्यातलं औषध बदललं. त्यानंतर एकच मेलं, तेही दुसऱ्या दिवशी. औषधाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. मात्रा वजनावर ठरते, कापायच्या आधी किती दिवस बंद करायचं तेही ठरलेलं असतं. शिवाय टायम्युलिन नावाचं यातलं एक औषध कोंबडीच्या खाद्यात येणाऱ्या मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनबरोबर पोटात गेलं तर डुकराला विषबाधा होते. आमच्याकडे स्वस्त पडतं म्हणून ब्रॉयलरचं खाद्य डुकरांना घालणारे आहेत. त्यांनी हे वाक्य परत वाचा.

पाच मोठी डुकरं गेली. पण हिशेब मांडल्यावर खरा खड्डा दुसरीकडे दिसला. याच जिवाणूचा एक मुका प्रकार असतो, दीड ते पाच महिन्यांच्या डुकरांत. रक्त नाही, मरतूक नाही. जरा पातळ, जरा राखाडी, खाणं अर्धवट, आणि एका वेताची पिल्लं तीन मापांची दिसायला लागतात. माझ्या वहीत ऑगस्टमध्ये लिहिलेलं आहे, "गट एकसारखा नाही, ८ मागे." मी खाद्याला दोष दिला होता, खाद्यवाल्याशी भांडलोही. ती आठ डुकरं नाताळला विकायच्या वजनाला आलीच नाहीत, फेब्रुवारीपर्यंत खात राहिली. खाद्यवाल्याची मी नंतर माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, आधी बिल द्या."

डॉक्टरांनी जाताना शेडच्या भिंतीवर खडूने लिहून दिलं होतं, ते अजून आहे. लहान आतड्याचं शेवट जाड आणि वळ्या : आयलायटिस बघा. लहान आतडं चांगलं, फक्त मोठं सुजलेलं, शेंबूड आणि रक्त : आंव किंवा चाबूकजंत. बटणासारखे व्रण : साल्मोनेला, पण ताप असेल तर आधी स्वाइन फीव्हर नाही ना ते बघा. डुक्कर पांढरं, विष्ठा काळी, आणि दोन्ही आतडी चांगली : जठर उघडा, व्रण तिथे असेल. या शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या, कारण बारीक दळलेलं खाद्य घालणाऱ्यांकडे असे व्रण बरेच होतात आणि सगळे त्याला आंव समजून औषध घालत बसतात.

आता माझ्याकडे फॉर्मॅलिनची बरणी असते. लोणच्याचीच बरणी होती ती, त्यावरून घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. तुकडा बोटभर, त्याच्या दसपट द्रव, आणि आतड्याचं तोंड उघडं ठेवून, म्हणजे द्रव आतपर्यंत जातो. जनावर मेल्यावर जितकं लवकर तितकं बरं, आमच्या कोकणातल्या उष्म्यात चार-पाच तासांत आतड्याचं अस्तर सुटून जातं आणि मग मोठी प्रयोगशाळाही काही सांगू शकत नाही.

परवा पलीकडच्या गावातून एका ओळखीच्या पोराचा फोन आला. "काका, काळी हगवण लागलीय, दोन गेली, जंताचं औषध देऊ काय?" मी विचारलं, "ताप मोजलास?" तो म्हणाला, थर्मामीटर नाही. म्हटलं, मेलेल्याला हात लावू नकोस, डॉक्टरांना आत्ता फोन कर, मी थर्मामीटर घेऊन निघतो. पण तुझ्या शेडमध्ये मी येणार नाही, तू फाटकावर येऊन घेऊन जा.

डॉक्टर माझ्या आधी पोचले होते. जठराचा व्रण निघाला.